दुरुस्त केलेली ओळ

‘चारी’ म्हणजे कोण चौघं, असा प्रश्न दर अंकानंतर एखाद्या पत्रात असायचाच. पुण्याकडचं पत्र असलं की हमखास. बारामती-इंदापूरकडच्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. कालव्यातून शेताकडे पाणी नेते ती चारी. विद्यापीठाच्या एका योजनेतून आमच्या कॉलेजच्या मराठी विभागानं कविता-कथांचं सहामाही काढायचं ठरवलं, तेव्हा विभागप्रमुख जगताप सरांनी हे नाव सुचवलं. मोठा कालवा पुण्यात वाहतो, आपण आपली चारी खणू, असं ते पहिल्या अंकाच्या प्रकाशनाला म्हणाले. टाळ्या पडल्या. चारीतला गाळ कुणी काढायचा, हे मात्र त्या दिवशी ठरलं नव्हतं. ते काम माझ्याकडे आलं.

मी कॉलेजच्या कार्यालयात लिपिक होते. मराठी घेऊन बी.ए. झालेली, ऱ्हस्व-दीर्घ बरं, एवढी पात्रता पुरली. अंकाच्या शेवटच्या पानावर ‘कार्यालयीन साहाय्य’ या शब्दांपुढे माझं नाव छापत. त्या दोन शब्दांत टपाल फोडणं, नोंदवही ठेवणं, नकाराची पत्रं लिहिणं, छापखान्यात खेपा घालणं, प्रुफं वाचणं, पत्ते लिहिणं आणि तिकिटं चिकटवणं एवढं सगळं येत असे. नव्वदच्या दशकातली सातएक वर्षं मी हे केलं. तक्रार नाही. माझ्या कारकुनीतली बाकीची वर्षं मला सांगावी म्हटलं तर सांगता येणार नाहीत, ही येतात.

साहित्य बहुतेक टपालानं यायचं. कागदाच्या एकाच बाजूला लिहावं, असं आम्ही प्रत्येक अंकात छापत होतो आणि लोक दोन्ही बाजूंना, शिवाय समासातही लिहीत होते. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचे एक कारकून छापील चिठ्ठ्यांच्या पाठीवर कविता पाठवत. पुढच्या बाजूला कुणाच्या तरी उसाचं वजन, मागे चंद्र. एक गृहस्थ निर्णय ऐकायला स्वतः येत आणि दारातूनच म्हणत, “बाई, नापसंत असंल तर तोंडी सांगा. पत्र धाडू नका. पत्र आमची मंडळी फोडतीया.” इंदापूरचे एक कवी फक्त शोकगीतं लिहीत. पुढारी, पैलवान, शेजाऱ्याचा बैल, कुणीही गेलं की आठ दिवसांत त्यांची कविता आमच्या टेबलावर. आम्ही त्यांची एकही छापली नाही, पण त्यांनी राग धरला नाही. त्यांचा पुढे संबंध येणार आहे.

लिहिणाऱ्यांचा जीव कवितेपेक्षा नावात जास्त असतो, हे मी लवकर शिकले. कवितेच्या चार ओळी कापल्या तर चालायच्या, नावातलं वडिलांचं नाव गळलं तर माणूस एस.टी. पकडून भांडायला यायचा. आम्ही नाव पूर्ण छापायचो. आधी श्री., सौ. किंवा कु., मग नाव, आडनाव, खाली वर्ग आणि गाव. ज्यांच्या घरातलं आडनाव तोवर फक्त रेशनकार्डावर छापलेलं होतं, त्यांना ते अंकात पाहताना काय वाटायचं ते मी टेबलाच्या या बाजूनं बघितलंय. पुढे आम्ही नावाआधीची ही अक्षरं काढून टाकली. एका सरपंच कवींनी ‘श्री.’ गेला म्हणून वर्गणीच बंद केली. तरी काढली ती काढलीच. कारण सांगते.

अंक खिळ्यांवर छापला जायचा. आजच्या मुलांना हे सांगावं लागतं. प्रत्येक अक्षराचा शिशाचा वेगळा खिळा. जुळारी ते एकेक उचलून ओळ लावणार, ओळींचं पान बांधणार, त्यावर शाई फिरवून कच्चा कागद काढणार. तो कागद म्हणजे प्रूफ. आपण त्यावर चुकांच्या खुणा करायच्या. सोळा पानं छापून झाली की खिळे सुटे करून आपापल्या घरात टाकायचे आणि पुढची सोळा लावायची, कारण सगळा अंक एकदम लावता येईल एवढे खिळे कुठल्याच लहान छापखान्यात नसत. म्हणजे एकदा छापलेलं पान पुन्हा छापायला ते पानच शिल्लक नसतं.

मार्केट यार्डाच्या रस्त्यावरच्या आमच्या छापखान्यात वामनराव हे जुळारी होते. साठी उलटलेली, चष्म्याची एक काडी दोऱ्याची. आयुष्यभर उलटी अक्षरं वाचल्यामुळे सरळ छापलेलं वाचायला त्यांना वेळ लागायचा. छापखान्याचं पोट लग्नपत्रिकांवर आणि दशक्रियेच्या कार्डांवर चालायचं. आमचा अंक म्हणजे वर्षातून दोनदा येणारा पाहुणा. वारंवार लागणारी ‘श्री.’, ‘सौ.’, ‘कु.’, ‘कै.’ अशी अक्षरं वामनराव आधीच जुळवून, दोऱ्यानं बांधून, तंबाखूच्या डब्यांत तयार ठेवत. लग्नसराईत ‘कु.’चा डबा रिकामा व्हायचा. पत्रिकेच्या तळाशी ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणाऱ्या घरातल्या सगळ्या पिंक्या आणि सोनू ‘कु.’ असत.

एका वर्षी जानेवारीच्या अंकात तेविसाव्या पानावर एस.वाय.च्या सुजाता भालेरावची कविता होती. नाव ‘हजेरी’. तिचे वडील अंथुर्ण्याच्या बाजूला एका लहान गावातल्या शाळेत गुरुजी. ऊसतोडीच्या हंगामात टोळ्यांबरोबर आलेली मुलं शाळेत बसतात, हंगाम संपला की जातात. आणि गेल्यावरही बाबा महिनाभर त्यांची नावं पुकारतात, एवढंच त्या कवितेत होतं. निवड समितीत पहिल्यांदाच भांडण झालं नाही. तिची ही पहिलीच छापली जाणारी कविता. निवड झाल्याचं मी सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, “बाई, अंक घरी टपालानं येतो ना? बाबांच्या हातात आधी पडू दे.”

दुसऱ्या प्रुफात तिचं नाव ‘सुजता’ असं होतं. काना राहिला होता. मी समासात खूण केली. काना घालायला वामनरावांनी ती ओळ सैल केली, त्यात बांधलेली ‘कु.’ निसटून खाली गेली. त्यांनी सवयीनं डब्यात हात घालून दुसरी उचलली. डबा ‘कु.’चाच होता. आत ‘कै.’ पडली होती. दशक्रियेच्या कार्डाचे खिळे सुटे करताना कुणाच्या तरी हातून डबा चुकला असणार. वामनराव बोटांनी वाचायचे, आणि त्या दिवशी बोटं चुकली.

यात वामनरावांचा दोष किती आणि माझा किती, यावर मी पुष्कळ विचार केलाय. मशीनवर चढण्याआधीचं शेवटचं प्रूफ मी पाहिलं. ‘सुजाता’ला काना आलाय का, तेवढं पाहिलं. आला होता. मी खाली सही केली. प्रूफ वाचणाऱ्याचा पहिला नियम असा, की दुरुस्त केलेली ओळ नवी ओळ समजून पहिल्या अक्षरापासून वाचायची. नवी चूक दुरुस्तीतच जन्माला येते. हा नियम मीच अंकाच्या विद्यार्थी मंडळाला फळ्यावर लिहून दिला होता.

अंक टपालात पडला आणि आठव्या दिवशी इंदापूरच्या कवींचं पोस्टकार्ड आलं. कार्डाचा कोपरा फाडलेला. मर्तिकाची बातमी टपालानं कळवायची तर कार्डाचा कोपरा फाडायचा, घेणाऱ्यानं ते घरात ठेवायचं नाही, ही आपल्याकडची रीत. मी उभ्यानंच वाचलं. ‘कै. सुजाता भालेराव या उमलत्या कवयित्रीच्या अकाली निधनाने’ अशी सुरुवात, खाली बारा ओळींचं शोकगीत.

मला वाटलं, सुजाता गेली आणि कॉलेजला कळलंच नाही. मी एस.वाय.च्या वर्गावर गेले. तिची मैत्रीण म्हणाली, “बाई, ती धा-बारा दिस झालं आली न्हाय. कावीळ झालीया. हितं बारामतीतच दवाखान्यात होती, काल घरी नेली. डॉक्टर म्हनले, लक्ष ठेवा, अजून उतार न्हाय.”

म्हणजे काल जिवंत होती. मग इंदापूरच्या माणसाला कुणी सांगितलं? कार्यालयात येऊन मी अंक उघडला आणि तेविसावं पान काढलं.

जगताप सरांना पान दाखवलं. ते भले गृहस्थ, पण संकट आलं की चष्मा पुसत बसायचे.

“किती प्रती गेल्या, मानेबाई?”

“सगळ्या.”

“भालेरावांच्या घरी?”

“दोन. लेखकाच्या दोन प्रती, बुकपोस्टानं. आठ दिवस झाले.”

“आपण काहीतरी करायला पाहिजे,” सर म्हणाले. सरांच्या तोंडी ‘आपण’ म्हणजे मी. मग थोड्या वेळानं म्हणाले, “आमच्या गावाकडं डोक्यावर कावळा बसला तर त्या माणसाच्या मरणाचा खोटा निरोप पाहुण्यांना धाडतात. पाहुणे रडून घेतात, मग खरं कळवतात. आयुष्य वाढतं म्हणतात. तसं काही गुरुजींना समजावून—”

“सर, भालेराव गुरुजी बौद्ध आहेत. त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून त्यांनी हे सगळं सोडलंय. कावळ्याची गोष्ट सांगायला मी जाणार नाही.”

“मग काय सांगणार?”

“खरं. पण आधी त्या प्रती त्यांच्या हाती पडल्यात का ते बघते.”

पोरगी आजारी, आईबाप उशाशी बसलेले, आणि त्यांच्या हातात तिच्या नावाआधी ‘कै.’ छापलेला अंक. मी अंधश्रद्धाळू नाही. मांजर आडवं गेलं तर मी मांजराची विचारपूस करते. पण त्या दिवशी इंदापूरच्या गाडीत बसल्यावर माझ्या डोक्यात एकच यायला लागलं, की आम्ही छापलं तेव्हा मुलगी धडधाकट होती. छापल्यानंतर आजारी पडली. हा विचार मूर्खपणाचा आहे हे मला कळत होतं आणि तो जात नव्हता. भवानीनगर गेलं, लासुर्णे गेलं. दोन्ही बाजूंना उसाच्या बैलगाड्या. पर्समध्ये कॉलेजच्या छापील कागदावर टपाल परत मागणारा अर्ज होता. शिवाय कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड आणि काळं पेन. ती हत्यारं माझ्याजवळ कायम असत.

गावाचं पोस्ट म्हणजे पोस्टमास्तरांच्या घराची पुढची खोली. सगळे त्यांना आबा म्हणत. मी माझं नाव सांगितलं, कॉलेज सांगितलं. आबांनी माझ्याकडे बघितलं आणि टेबलाच्या खणातून आमचा गुंडाळा काढून समोर ठेवला.

“हे का?”

मला धीर आला. “दिला नाही तुम्ही?”

“घराला कुलूप हुतं. समदी बारामतीला दवाखान्यात. काल आली. आज द्यायचं म्हणून काढलं.” मग आवाज खाली आला. “बुकपोस्ट एका अंगानं उघडं असतंय, बाई. आमाला बघायची मुभा हाय. म्या बघितलं. गुरुजींच्या पोरीचं नाव दिसलं म्हणून हरखलो, आन् नावाच्या आदीचं अक्षर वाचलं. सकाळधरनं तीनदा पिशवीत घातलंय, तीनदा काढलंय. काल तर म्या पोरीला गाडीतनं उतरताना बघितली.”

“चूक आमची आहे. पाठवणारी मी. अर्ज देते, परत द्या.”

“द्या, द्या. लई बेस झालं. सरकारी टपाल दडवलं तर माजी भाकरी जायाची, आन् दिलं तर त्या घरात काय व्हईल कुनाला ठावं.”

मी अर्ज बाहेर काढला आणि दारात सावली पडली.

“आबा, काही टपाल?”

भालेराव गुरुजी. पांढरा शर्ट, दाढी वाढलेली, डोळे जागरणाचे. मला ओळखून त्यांनी नमस्कार केला. “तुम्ही कॉलेजच्या माने मॅडम ना? फीच्या रांगेत भेटलो होतो. बरं झालं भेटलात. पोरगी डोळे उघडले की एकच विचारते, अंक आला का. घरी आल्यापासून पोस्टात जा म्हणून मागे लागलीय.” आणि मग त्यांची नजर टेबलावरच्या गुंडाळ्यावर गेली.

आबा माझ्याकडे बघू लागले, मी आबांकडे. अर्ज देऊन गुंडाळा पर्समध्ये घालता आला असता. अजून चार दिवस लागतील, असं म्हणता आलं असतं. घरात ती वाट बघत पडली होती, आणि वाट बघायला तिच्याजवळ किती दिवस आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं.

मी गुंडाळा सोडला, तेविसावं पान काढलं आणि गुरुजींच्या हातात दिलं. “गुरुजी, चूक छापखान्यात झाली, पण शेवटची सही माझी आहे.”

त्यांनी वाचलं. कविता वाचली नाही, वरचं नावच वाचत राहिले. मग ते वर्गात बोलावं तसं स्पष्ट बोलले.

“पहिली गोष्ट, माझी मुलगी जिवंत आहे. दुसरी, आमच्यात कैलासवासी लिहीत नाहीत, कालकथित लिहितात. एका अक्षरात दोन चुका केल्यात तुम्ही, बाई.”

“हो,” मी म्हणाले.

“आता हे मी तिला कसं दाखवू?”

ते मला येत होतं. माफी मागण्यात मी कच्ची आहे, पण कागदावरचं अक्षर काढणं हे माझं काम. ‘कै’च्या वर दोन मात्रा असतात. त्या काढायच्या आणि खाली एक उकार द्यायचा. ‘क’ला हात लावायचा नाही. मी अंक आबांच्या शिक्क्याच्या रबरावर सपाट ठेवला, ब्लेड आडवं धरलं आणि मात्रा खरवडायला घेतल्या. कागद फाटू न देता फक्त शाई उठवायची तर ब्लेड मोराच्या पिसासारखं फिरवावं लागतं. एरवी मला मिनिट लागतं. त्या दिवशी दहा लागली असतील. गुरुजी वाकून बघत होते. आबांनी पंखा बंद केला.

“दोन मात्रांचाच ख्योळ हाय म्हणा की,” आबा पुटपुटले.

मग काळ्या पेनानं उकार काढला. छापील उकारासारखा, थोडा जाड. गुरुजींनी लांबून पाहिलं, जवळून पाहिलं. “चला,” म्हणाले, “तुम्हीच द्या.” दुसरी प्रत मी पर्समध्ये घातली.

सुजाता खिडकीखालच्या खाटेवर होती. डोळे हळदीसारखे. मला बघून उठायला लागली, मी नको म्हणाले. तिनं पान स्वतः काढलं आणि सबंध कविता ओठ हलवत वाचली. मग बोट नावावर नेलं. पान खिडकीच्या उजेडाकडे धरलं.

“बाई, हितला कागद पातळ झालाय.”

ती प्रूफ वाचायला शिकली असती तर माझी नोकरी गेली असती, असं त्या क्षणी वाटलं. मी पटकन म्हणाले, “तुझ्या नावाआधी ‘सौ.’ पडलं होतं. मी काढलं.”

“आगं बया!” तिची आई चुलीकडून म्हणाली, “नवरा न्हाय, मांडव न्हाय, आन् डायरेक सौ.?” सुजाता हसली. गुरुजीसुद्धा हसल्यासारखं करून बाहेर गेले. मी चहा घेतला.

गुरुजी मला गाडीपर्यंत सोडायला आले. “बाकीच्या प्रतींचं काय?”

“शुद्धिपत्र छापून सगळ्यांना पाठवू. कसं लिहायचं ते तुम्ही सांगा.”

त्यांनी खिशातला शाळेचा कागद काढून, माझ्या पर्सवर ठेवून, वळणदार अक्षरात लिहिलं: ‘पृष्ठ तेवीसवर कु. ऐवजी चुकून कै. छापले गेले आहे. कवियत्री सुजाता भालेराव वर्गात हजर आहे.’

“उद्याच छापते,” मी म्हणाले.

“उद्या नको. ती वर्गात बसेल त्या दिवशी छापा.”

“गुरुजी, उशीर झाला तर लोकांचा समज पक्का होईल.”

“होऊ द्या.” ते रस्त्याकडे बघत होते. “मी काही मानत नाही, बाई. पण हजर नसलेल्या मुलाची हजेरी मी आजवर लावलेली नाही.”

दुसऱ्या दिवशी वामनरावांनी त्या दोन ओळी लावल्या. आपली चूक कळल्यावर ते दिवसभर जेवले नव्हते. मी प्रूफ काढून घेतलं, बरोबर आहे म्हटलं, आणि छापू नका असं सांगितलं. ओळी दोऱ्यानं बांधून एका फळीवर ठेवल्या. मी दर दोन दिवसांनी जाऊन त्या बघून यायचे. कशासाठी ते विचारू नका.

आठवड्यानं वामनराव म्हणाले, “बाई, सोडू का मॅटर? लग्नपत्रिका आल्यात, माझं खिळं अडाकल्यात त्यात.”

“राहू द्या.”

“पोरगी कशी हाय?”

“माहीत नाही. राहू द्या.”

तिकडे पत्रं येत होती. एका कॉलेजनं दोन मिनिटं शांतता पाळल्याचं कळवलं. इंदापूरच्या कवींनी शोकगीताचा उत्तरार्ध पाठवला. मी सगळ्यांना लिहिलं, की कवयित्री हयात आहेत, खुलासा यथावकाश येईल. एकानं उलट विचारलं, हयात आहेत तर यथावकाश कशाला? प्रश्न बरोबर होता. मी ते पत्र फाइलला लावलं.

गुरुजी मला दिवसाआड पोस्टकार्ड लिहीत. शाळेच्या अहवालासारखं. ‘ताप नाही. अन्न जात नाही.’ ‘डोळे तसेच.’ ‘शेजारी काविळीची माळ घाला म्हणतात. घातली नाही. डॉक्टरांचे औषध चालू.’ टपाल आलं की मी गठ्ठ्यातून त्यांचं कार्ड शोधायचे आणि अक्षराकडे बघण्याआधी चारही कोपरे बघायचे. सलग सात कार्डं आली. चारही कोपरे शाबूत. मग कार्डं थांबली.

एक दिवस, दोन, चार. जगताप सर रोज विचारायचे आणि मी रोज दुसऱ्याच फाइलबद्दल बोलायचे. पुन्हा इंदापूरच्या गाडीत बसायचं धाडस मला झालं नाही, हे इथं लिहून ठेवते. सहाव्या दिवशी कार्ड आलं. कोपरा फाटलेला.

मी ते टेबलावर पालथं ठेवलं. शिपायाला पाणी आणायला सांगितलं. पाणी प्यायले. मग उलटवलं. ‘शाळातपासणी असल्याने लिहिणे झाले नाही. काल अर्धी भाकरी खाल्ली. डोळ्यांत फरक.’ आणि फाटलेल्या कोपऱ्याजवळ वेगळ्या, थरथरत्या अक्षरात: ‘कोपरा पिशवीत फाटला. बातमी चांगली हाय. घाबरू नये. पोस्ट.’

दुसऱ्याच्या कार्डावर लिहिणं टपालाच्या कुठल्या नियमात बसतं मला ठाऊक नाही. आबांचं ते कार्ड मी रीतीविरुद्ध घरात ठेवलंय. अजून आहे.

फेब्रुवारी संपता संपता एका दुपारी सुजाता कार्यालयात आली. ड्रेस अंगावर टांगल्यासारखा, पण डोळे पांढरे. मराठीचा तास करून आली होती.

“बाई, लेखकाला दोन प्रती मिळतात ना? माझी दुसरी?”

मी खणातून काढून दिली. आता लपवून काय उपयोग होता? तिनं तेविसावं पान काढलं, बघितलं आणि मान हलवली.

“सौ.ची कु. होत नाही, बाई. ‘क’ छापील होता, उकार तेवढा पेनचा. वर दोन जागी खरवडलेलं. मी त्याच दिवशी ओळखलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“बाबा उभे होते ना.”

मी पर्स उचलली. “चल. छापखान्यात जायचंय.”

वामनरावांनी तिला बघितलं, हात जोडले आणि फळीवरच्या ओळींवर शाई फिरवून ताजं प्रूफ काढलं. मी ते तिच्या हातात दिलं. “तूच वाच. खाली सही कर.” तिनं उभ्या उभ्या वाचलं. माझं पेन मागितलं. एका शब्दाखाली रेघ मारली आणि समासात खूण केली.

‘कवियत्री’ नव्हे. ‘कवयित्री’.

गुरुजींनी तसं लिहिलं होतं. वामनरावांनी तसं लावलं होतं. मी ते पहिल्या दिवशी बरोबर म्हटलं होतं आणि नंतर दर दोन दिवसांनी येऊन बघितलं होतं.

“आयला,” वामनराव म्हणाले, “महिनाभर हितं पडून हुतं, कुनालाच दिसलं न्हाय.” त्यांनी ओळ सैल केली, वेलांटी काढून पुढच्या अक्षराला लावली, ओळ आवळली आणि दुसरं प्रूफ काढलं. सुजातानं ते उजेडात धरलं, वेळ घेतला आणि सहीसाठी पेन टेकवलं.

“थांब,” मी म्हणाले. “दुरुस्त केलेली ओळ परत पहिल्यापासून वाचली का?”

“वाचली, बाई.”